शेजारी देश शाळेवर किती खर्च करतात: तक्ता मांडायची माझी रीत

गेल्या गणपतीत माझी भाची धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला आमच्याकडे आली ती पिशवीत दोन कागद घेऊनच. एकावर लिहिलेलं, भारत शिक्षणावर जीडीपीच्या २.९ टक्के खर्च करतो. दुसऱ्यावर, ४ टक्क्यांहून जास्त. दोन्ही आकडे केंद्र सरकारचेच. पहिला आर्थिक पाहणी अहवालातला, दुसरा शिक्षण मंत्रालयाच्या अर्थसंकल्पीय खर्चाच्या विश्लेषणातला. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत तिला भारत आणि शेजारी देशांच्या शिक्षणखर्चावर बोलायचं होतं, आणि पहिल्याच ओळीला गाडी अडली होती.

"आत्या, यातला खरा कुठला?"

"दोन्ही खरे. आधी हातपाय धू, मोदक खा, मग बसू."

पंचायत समितीच्या शिक्षण विभागात, लेखा शाखेत माझी २९ वर्षं गेली. शिक्षकांची पगारबिलं, सादिलवार (शाळेचा किरकोळ खर्च), पोषण आहाराची देयकं, वर्गखोल्यांच्या बांधकामाचे हप्ते. शिक्षणावरचा खर्च मी असा खालून, व्हाउचरच्या टोकाकडून पाहिला आहे. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसं वरच्या टोकाकडूनही बघायला लागले, आणि आता दरवर्षी एक तक्ता मांडते: सार्क या दक्षिण आशियाई गटाचे आठ देश, एका पानावर. तो कसा मांडायचा ते भाचीला दोन दिवस बसून शिकवलं. तेच इथे लिहिते आहे, कारण असे तक्ते मोबाईलवर रोज फिरताना दिसतात आणि त्यातले निम्मे कशाला कशाने भागलं आहे हे न सांगताच फिरतात.

त्या दोन कागदांचा उलगडा आधी करते. पाहणी अहवाल शिक्षण, क्रीडा, कला, संस्कृती या अर्थसंकल्पी शीर्षांखालचा (सरकारी हिशेबातल्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यांखालचा) केंद्राचा आणि राज्यांचा खर्च घेतो. मंत्रालयाचं विश्लेषण शिक्षण खात्याबरोबर इतर खात्यांनी शिक्षण आणि प्रशिक्षणावर केलेला खर्चही धरतं. आपल्याच राज्यात बघा ना, आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, वसतिगृहं सामाजिक न्यायची, अंगणवाडी महिला व बालविकासची. कुठपर्यंतच्या खर्चाला शिक्षण म्हणायचं याची रेघ जिथे ओढाल तसा आकडा बदलतो. म्हणून तुमच्या तक्त्यात भारतासाठी २.९ आणि भूतानसाठी आंतरराष्ट्रीय संस्थेने सगळं धरून काढलेला आकडा शेजारी शेजारी आला, तर तो तक्ता फाडून टाका. मी भाचीचा पहिला तक्ता खरोखरच फाडायला लावला. तिला वाईट वाटलं, पण पुढे दोन दिवस तिने एकही आकडा वर्ष आणि उगम लिहिल्याशिवाय वहीत घेतला नाही.

किती डझनी पेटी?

आमच्याकडे एप्रिलात कोणी आंब्याच्या पेटीचा भाव सांगितला की समोरचा पहिलं विचारतो, "किती डझनी?" चार डझनी पेटीत फळ मोठं, सात डझनीत बारीक. नुसता पेटीचा भाव ऐकून बागायतदारही हो म्हणत नाही आणि दलालही. टक्का ऐकला की हाच प्रश्न तोंडात यायला हवा. कशाचा टक्का?

शिक्षणखर्च मोजायचे तीन आकडे सगळीकडे दिसतात आणि तिन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. जीडीपीच्या किती टक्के, म्हणजे देशाच्या एकूण मिळकतीतून सरकारने शाळांसाठी किती बाजूला काढलं. एकूण सरकारी खर्चाच्या किती टक्के, म्हणजे सरकारने आपल्या पिशवीतून शाळेला किती दिलं, त्याच्या मनात शाळेला कितवं स्थान आहे. आणि एका विद्यार्थ्यामागे किती, म्हणजे बाकावर बसलेल्या पोरापर्यंत काय पोचलं. स्पर्धेत बोलणारी मुलं पहिल्या प्रश्नाचा आकडा घेतात आणि तिसऱ्याचं उत्तर दिल्यासारखं बोलतात.

आधी पहिल्या दोघांचं नातं समजून घ्या. हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. जीडीपीतला टक्का हा दोन गोष्टींचा गुणाकार असतो: सरकारचा एकूण खर्च जीडीपीच्या किती टक्के, आणि त्या खर्चातला शिक्षणाचा वाटा किती. समजा एका देशाचं सरकार जीडीपीच्या १४ टक्के एवढाच एकूण खर्च करतं आणि त्यातले १४ टक्के शिक्षणाला देतं. गुणाकार आला १.९६, म्हणजे जीडीपीच्या २ टक्केसुद्धा नाहीत. दुसऱ्या देशाचं सरकार ३० टक्के खर्च करतं आणि तेही शिक्षणाला १४ टक्केच देतं. इथे आले ४.२. दोन्ही सरकारांनी शाळेला सारखाच मान दिला, तरी एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो.

ही नुसती वहीतली गंमत नाही. बांगलादेशाचा एकूण सरकारी खर्च जीडीपीच्या १३ ते १५ टक्क्यांच्या घरात असतो, कारण कर जमतो तोच जीडीपीच्या सुमारे ८ टक्के. भारतात केंद्र आणि राज्यं मिळून तो ३० टक्क्यांच्या जवळ जातो. बांगलादेश शिक्षणावर जीडीपीच्या २ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो म्हणून "त्यांना शाळेची पर्वा नाही" असं कोणी म्हणालं, तर त्याला हा गुणाकार दाखवा. तिथला प्रश्न आधी करवसुलीचा आहे, शाळेचा त्यानंतर.

म्हणून तक्त्यात तीन रकाने लागोपाठ घ्या: सरकारी खर्च भागिले जीडीपी, शिक्षण भागिले सरकारी खर्च, आणि शिक्षण भागिले जीडीपी. पहिल्या दोघांचा गुणाकार तिसऱ्याशी जुळतो का ते बघा. जुळला नाही तर कुठला तरी आकडा वेगळ्या वर्षाचा आहे, किंवा एकात फक्त केंद्र सरकार धरलंय आणि दुसऱ्यात सगळी सरकारं. आमच्या शाखेत महिनाअखेरीला ताळमेळ घ्यायचो तसाच हा ताळमेळ आहे, आणि तो चुका पकडतो.

आकडे कुठून आणायचे

सगळ्या देशांसाठी एकाच विहिरीचं पाणी भरा. युनेस्कोची आकडेवारी संस्था माँट्रियलला आहे. ती सदस्य देशांकडून माहिती मागवून एका व्याख्येत बसवते, आणि जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर दिसतात ते शिक्षणखर्चाचे आकडे मूळचे तिचेच असतात. या व्याख्येत केंद्र, प्रांत आणि स्थानिक अशा सगळ्या पातळ्यांचा सरकारी खर्च येतो, आणि परदेशी मदत सरकारमार्फत खर्च झाली असेल तर तीही येते. आईबापांनी भरलेली फी आणि शिकवणीचे पैसे मात्र यात नसतात. एकूण सरकारी खर्च आणि महसूल यासाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे आकडे बघा.

हे सगळं घेतल्यावर जी चित्राची ठेवण दिसते ती ढोबळ मानाने अशी: भूतान बहुतेक वर्षी ६ टक्क्यांच्या आसपास किंवा वर, भारत, नेपाळ आणि मालदीव ४ च्या आगेमागे, आणि पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका २ च्या आसपास. अफगाणिस्तानची ओळ मी ठेवते, पण २०२१ नंतरचे रकाने रिकामे सोडते. तिथे मुलींना सहावीच्या पुढची शाळाच बंद आहे. जुना आकडा पुढे ओढून ती जागा भरणं मला पटत नाही.

मापाची काठी म्हणून दोन खुणा जवळ ठेवा. २०१५ मध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला ठरलं की देशांनी जीडीपीच्या ४ ते ६ टक्के किंवा सरकारी खर्चाच्या १५ ते २० टक्के शिक्षणाला द्यावेत. आणि आपली स्वतःची खूण त्याहून जुनी: कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडलेले ६ टक्के. ते १९८५-८६ पर्यंत गाठायचे होते. १९६८ च्या धोरणात ते आले, १९८६ च्या आले, २०२० च्या धोरणातही आले. मी चौथीत होते तेव्हा जे वचन छापलेलं होतं तेच माझी भाची कॉलेजात वाचते आहे, आणि हे लिहिताना मला अजून त्रास होतो.

वर्ष कुठलं, महिना कुठला

भारताचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. पाकिस्तान, बांगलादेश, भूतान यांचं १ जुलैला. नेपाळचं श्रावणात, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्याला. श्रीलंका आणि मालदीव यांचं जानेवारी ते डिसेंबर. '२०२१-२२' हे वर्ष कोणी २०२१ म्हणून नोंदतं, कोणी २०२२ म्हणून. एका वर्षाच्या फरकावरून वाद घालू नका, तीन ते पाच वर्षांची सरासरी घ्या.

२०२० चा आकडा एकट्याने कधीही वापरू नका. त्या वर्षी शाळा बंद होत्या, पण पगार चालू होते, आणि बहुतेक देशांचा जीडीपी आक्रसला. खालचा आकडा लहान झाला की टक्का आपोआप वाढतो. एक रुपया जास्त न देता देश उदार दिसायला लागतो.

याच्या उलटही होतं. बांगलादेशाने २०२१ मध्ये जीडीपीचं आधारवर्ष (ज्या वर्षाच्या किमती धरून जीडीपी मोजतात ते) २००५-०६ वरून २०१५-१६ वर आणलं, तेव्हा आधी मोजणीत न येणारे व्यवहार आत आले आणि जीडीपी मोठा निघाला. शाळांचा खर्च होता तिथेच, पण टक्का घसरला. जुन्या आणि नव्या मालिकेचे आकडे एका आलेखावर जोडून "बघा, खर्च कमी केला" असं म्हणणाऱ्यांपैकी तुम्ही होऊ नका.

अंदाज, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष

इथे जरा थांबते, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अर्थसंकल्पात एका कामाचे तीन आकडे येतात. वर्षाच्या सुरुवातीचा अर्थसंकल्पीय अंदाज, वर्ष सरत आलं की सुधारित अंदाज, आणि दोन वर्षांनी छापून येतो तो प्रत्यक्ष खर्च. वर्तमानपत्रात मथळा होतो तो पहिल्याचा. तुलनेला वापरायचा तो तिसरा.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या तालुक्यात होते तिथे एका वाडीतल्या शाळेचं छप्पर गेलं होतं. वासे किडलेले, कौलं सरकलेली. दुरुस्तीला मंजुरी मिळाली, तरतूद झाली, आणि आम्ही वर्षभर वाट पाहिली. पैसे खाली आले ते ३१ मार्चला, संध्याकाळी साडेचारला. मी बिल तयारच ठेवलं होतं. शिपाईदादा ते घेऊन कोषागाराकडे धावले, पण तिथे पोचेपर्यंत खिडकी बंद. रक्कम समर्पित झाली, म्हणजे सरकारजमा. जूनमध्ये पहिला पाऊस लागला तेव्हा त्या शाळेची मुलं ग्रामदेवतेच्या देवळात सभामंडपात बसली होती. मी तिथे गेले तर बाई एका खांबाला फळा टेकवून बेरजा शिकवत होत्या, आणि वाऱ्याबरोबर येणारे शिंतोडे चुकवायला पोरं दप्तरं पोटाशी धरून बसली होती. त्या वर्षीच्या अंदाजात ते छप्पर आहे. प्रत्यक्ष खर्चात नाही.

नेपाळात याला शब्दच आहे, 'असारे विकास'. त्यांचं वर्ष आषाढअखेर संपतं, त्यामुळे उरलेला पैसा ऐन पावसात घाईघाईने खर्च होतो, डांबरसुद्धा पावसात पडतं. आपल्याकडे मार्च, त्यांच्याकडे आषाढ.

तर तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे एक अक्षर लिहा: 'अं', 'सु' किंवा 'प्र'. एका देशाचा अंदाज आणि दुसऱ्याचा प्रत्यक्ष खर्च एका रांगेत ठेवू नका.

एकच रुपया दोनदा मोजला जातो तेव्हा

युनेस्कोचा तयार आकडा न घेता तुम्ही स्वतः अर्थसंकल्प उघडणार असाल, तर ही खोच सांभाळा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून शिक्षण आपल्याकडे समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत आहे. पैसा केंद्र देतं, राज्य त्यात घालतं, आणि खर्च जिल्हा परिषद करते. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांना ६०:४० चं प्रमाण आहे. केंद्राचे ६० रुपये केंद्राच्या अर्थसंकल्पात खर्च म्हणून दिसतात. तेच राज्याच्या तिजोरीत येतात आणि राज्याच्या अर्थसंकल्पात १०० रुपयांत मिळून पुन्हा खर्च म्हणून दिसतात. दोन्ही बेरजा एकत्र केल्यात तर १०० चे १६० होतात. मी पहिला तक्ता केला तेव्हा हीच चूक केली होती, आणि चार शिक्षकांसमोर तो वाचूनही दाखवला होता. नंतर एका निवृत्त लेखाधिकारी सरांनी बाजूला घेऊन दाखवलं. तेव्हापासून केंद्राकडून राज्याला जाणारं अनुदान आधी वजा करते, मगच बेरीज.

याच वाटेवरचा आणखी एक खड्डा. २०१४-१५ च्या आधी सर्व शिक्षा अभियानाचा केंद्राचा पैसा राज्याच्या तिजोरीला वळसा घालून थेट राज्यातल्या अंमलबजावणी संस्थेच्या खात्यात जायचा. त्या वर्षापासून तो राज्याच्या एकत्रित निधीतून यायला लागला. त्यामुळे राज्यांचा शिक्षणखर्च त्या वर्षी कागदावर उडी मारतो. ती वाट बदलल्याची खूण आहे, जास्त पैशाची नाही.

शीर्षं पाठ करून ठेवा: २२०२ सामान्य शिक्षण, २२०३ तंत्रशिक्षण, २२०४ क्रीडा व युवक सेवा, २२०५ कला व संस्कृती, आणि इमारतींसारख्या भांडवली खर्चासाठी ४२०२. फक्त शिक्षणाची तुलना हवी असेल तर २२०४ आणि २२०५ सोडून द्या.

शेजाऱ्यांकडेही अशाच खाचाखोचा आहेत. बांगलादेशात प्राथमिक शिक्षणाचं मंत्रालय वेगळं, माध्यमिक आणि उच्च शिक्षणाचं वेगळं, आणि मदरसे व तंत्रशिक्षणाचा विभाग त्यात आणखी निराळा. त्यांच्या अर्थसंकल्पी भाषणात 'शिक्षण व तंत्रज्ञान' असा एकत्र वाटा सांगतात, त्यात विज्ञान आणि माहिती तंत्रज्ञानही मिसळलेलं असतं. पाकिस्तानात २०१० च्या १८ व्या घटनादुरुस्तीने शालेय शिक्षण प्रांतांकडे गेलं, त्यामुळे इस्लामाबादचा अर्थसंकल्प वाचून काहीच कळत नाही, पंजाब, सिंध, खैबर पख्तुनख्वा आणि बलुचिस्तान असे चार उघडावे लागतात. नेपाळने २०१५ च्या संविधानानंतर माध्यमिकपर्यंतची शाळा ७५३ स्थानिक पालिकांच्या हाती दिली. काठमांडूच्या मंत्रालयाचा आकडा त्यानंतर घसरलेला दिसतो, कारण पैसा आता खालून खर्च होतो.

आता मुलांनी भागा

ज्या देशात मुलं जास्त, तिथे तोच टक्का पातळ होतो. पाकिस्तानात एक तृतीयांशाहून जास्त लोक १५ वर्षांखालचे आहेत, श्रीलंकेत पावापेक्षा कमी. दोघांनी जीडीपीचे २ टक्के दिले तरी श्रीलंकेच्या पोराच्या वाट्याला जास्त येणार.

पण कुठल्या मुलांनी भागायचं? पटावरच्या की सगळ्या? पाकिस्तानात २ कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर आहेत, तेही राज्यघटनेच्या २५-अ कलमाने ५ ते १६ वर्षांच्या सगळ्यांना मोफत शिक्षणाचा हक्क दिलेला असताना. फक्त पटावरच्या मुलांनी भागलं तर ही दोन कोटी मुलं हिशेबातून गळतात आणि दरडोई आकडा वाढतो. ज्या मुलाला शाळेत घेतलंच नाही त्याच्यामुळे देश जास्त खर्च करणारा दिसावा, हे मला सहन होत नाही. मी दोन्ही भागाकार करते आणि दोन्ही छापते.

खासगी शाळांचाही विचार करा. आपल्याकडे अनुदानित शाळा संस्थेची असते, पगार सरकारचा. बांगलादेशात माध्यमिक शाळा बहुतेक बिगरसरकारी, पण तिथल्या शिक्षकांना सरकार दरमहा वेतन देतं. अशा शाळांतली मुलं भागाकारात धरायलाच हवीत. पूर्ण फीवर चालणाऱ्या शाळांतली मुलं धरायची की नाही ते आधी ठरवा आणि तक्त्याखाली लिहा.

दरडोई रक्कम एका चलनात आणायची तर बाजारातला डॉलरचा भाव वापरू नका. शाळेचा बहुतेक खर्च म्हणजे पगार, आणि शिक्षक आपला भाजीपाला डॉलरमध्ये घेत नाही. क्रयशक्ती समतेचा दर घ्या, म्हणजे एका डॉलरला तिकडे जेवढं मिळतं तेवढंच इथे किती रुपयांत मिळतं तो दर. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय किंमत-तुलनेत तो एका डॉलरला २०.६५ रुपये होता, बाजारात तेव्हा डॉलर ६५.१२ रुपयांना होता. तिपटीहून जास्त फरक आहे. बाजारभावाने मोजलं तर आपली शाळा आहे त्याच्या एक तृतीयांश दिसते.

श्रीलंका, आणि सात पोरांची शाळा

भाची शेवटी म्हणाली, "मग श्रीलंका २ टक्क्यांत एवढं कसं करते? मी हेच बोलणार होते, कमी पैशातही होतं म्हणून."

श्रीलंकेचा दाखला सगळेच देतात आणि बहुतेक जण चुकीचा देतात. तिथे १९४५ पासून शिक्षण मोफत आहे, शिक्षणमंत्री कन्नंगरांच्या काळापासून. ९० टक्क्यांहून जास्त लोक साक्षर आहेत ते गेल्या वर्षीच्या २ टक्क्यांनी नव्हे, आजी-पणजीच्या पिढीत उभ्या राहिलेल्या शाळांनी. इमारती आहेत, आई शिकलेली आहे, मुलं कमी होत चालली आहेत. आणि २ टक्के ही त्यांनी आनंदाने निवडलेली काटकसरही नाही. २०२१-२२ च्या सुमाराला सरकारचा महसूल जीडीपीच्या ८ टक्क्यांवर आला होता आणि त्यातला मोठा भाग व्याजात जात होता. २०२२ मध्ये कागद मिळेना म्हणून तिथे शाळेच्या परीक्षा पुढे ढकलल्या. त्या देशाचा आकडा "एवढ्यात भागतं" म्हणून नाचवू नये.

याच्या दुसऱ्या टोकाला भूतान आणि मालदीव. त्यांना समजून घ्यायला मला कोकणानेच मदत केली.

भाचीला मी वही काढायला लावली. वाडीतली पहिली ते चौथीची शाळा, दोन शिक्षक. दोघांचा मिळून पगार समजा महिन्याला १,४०,०००. वर्षाचे झाले १६,८०,०००. पटावर ५६ मुलं असतील तर एका मुलामागे ३०,०००. पट ७ असेल तर तेवढ्याच पैशात एका मुलामागे २,४०,०००. शिक्षक तेच, फळा तोच, कायदा तोच: शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात, आणि शाळा एका किलोमीटरच्या आत. कोकणात वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या, मध्ये पऱ्ये (ओहोळ) आणि खाडीचे फाटे, तरणी माणसं मुंबईला. पट सातवर येतो तो कोणाच्या आळसाने नाही.

आता हेच मालदीवला लावा. सुमारे १,२०० बेटं, त्यातली २०० हूनही कमी वस्तीची, आणि जवळपास प्रत्येक वस्तीच्या बेटावर शाळा. समुद्र ओलांडून रोज मुलं ने-आण करता येत नाहीत. भूतानमध्ये दऱ्या. एका मुलामागचा खर्च तिथे वाढणारच. मालदीवचा जीडीपीतला टक्का तरी साधारण दिसतो, कारण पर्यटनाने जीडीपीच मोठा आहे. भूतानचा टक्का मोठा दिसतो, आणि त्यात बाहेरची मदतही असते. भारताने त्यांच्या बाराव्या पंचवार्षिक योजनेला ४,५०० कोटी रुपये द्यायचं कबूल केलं होतं. म्हणून भूतानपुढे शेऱ्याच्या रकान्यात मी दोन शब्द लिहिते: 'डोंगर, अनुदान'. मालदीवपुढे 'बेटं, पर्यटन'. श्रीलंकेपुढे 'जुनी शाळा, व्याज'.

२०२३ मध्ये आपल्या राज्यात २० हून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा झाली, तेव्हा २,४०,००० सारखे आकडे खूप दाखवले गेले. भागाकार बरोबर असतो. पण जुलैत पऱ्याला पाणी आल्यावर सहा वर्षांचं पोर साकवावरून तीन किलोमीटर चालत जाऊ नये, याची ती किंमत आहे, आणि ती द्यावी असं माझं ठाम मत आहे. समूह शाळेचा हिशेब मांडणाऱ्याने गाडीचं भाडंही त्याच रांगेत मांडावं आणि गाडी बंद पडेल त्या दिवसाची गैरहजेरीही.

भाचीने हे ऐकून आठ देशांच्या खाली नववी ओळ ओढली. माझ्या माहेरच्या वाडीची शाळा. मी शिकले तिथेच. पट, शिक्षक, पगार, सादिल, पोषण आहार, सगळं तिने तिथल्या बाईंना फोन करून विचारलं आणि लिहिलं.

तक्ता पूर्ण झाला तरी त्याला कुलूप लावू नका. आपल्याकडे फेब्रुवारीत, पाकिस्तान-बांगलादेशात जूनमध्ये नवे अर्थसंकल्प येतात, आणि त्यांच्याबरोबर मागच्या वर्षांचे प्रत्यक्ष आकडेही. तेव्हा 'अं' चा 'प्र' करायचा. जुना आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ, वर नवा आकडा, बाजूला तारीख आणि सही, म्हणजे खालचं वाचता येतं. भाचीच्या तक्त्यात नेपाळच्या ओळीवर अशी पहिली रेघ गेल्या महिन्यात पडली, आणि तिने फोटो काढून मला पाठवला.